चहाची बाधा

श्रावणातला शनिवार, नागपंचमीनंतरचा. सकाळची वेळ. हजर: सासूबाई, खाटेवर. थोरले दीर आणि थोरली जाऊ, गावाहून आलेले. नवरा. मी. शेजारच्या बेन, बोलावल्यानंतर. गैरहजर: आमची मुलगी, पुण्याला, परीक्षेमुळे. शिवाय पाटावर लाल फडक्यात गुंडाळलेला एक नारळ. त्याला हजेरीत धरायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मी धरते.

नारळ म्हणजे आमची कानबाई. ती रविवारी बसते आणि सोमवारी तिला पाण्यापर्यंत नेऊन निरोप देतात. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तोच नारळ आहे, त्यामुळे तो बुडवत नाहीत, पाणी लावून परत आणतात. तिच्यासाठी रोट करायचे, आणि रोटांचे गहू मोजायचे ते मुठींनी. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. म्हणजे ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो घरचा आणि ज्याची पडली नाही तो पाहुणा. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी घेतात. आमच्या सासूबाईंनी सुनांच्याही सुरू केल्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, दळणार त्या, भाजणार त्या, आणि मूठ का नाही?

सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो, आणि मायला अहो-जाहो करायची आमच्याकडे पद्धत नाही.

कानबाई दरवर्षी गावी, दादांकडे बसते. दादा म्हणजे माझे थोरले दीर. माय दर श्रावणात नंदुरबारच्या गाडीने जायची आणि परत येताना डब्यातल्या लोकांना कानबाईची गाणी ऐकवायची, त्यांनी ऐकायची तयारी दाखवली असो वा नसो. या वर्षी फाल्गुनात ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल. माय म्हणाली, पडेन, आणि खाटेवरून उठायला तयार होईना. आषाढ आला तशी एकच गोष्ट बोलायला लागली. या श्रावणात कानबाई दिसली पाहिजे. पुढच्या श्रावणाचं कोणी पाहिलंय?

ती गावी जाऊ शकत नव्हती, म्हणून कानबाई इकडे यायला हवी होती. दादांना ते पसंत नव्हतं. "आई फ्लॅटमध्ये बसेल का?" असं त्यांनी कानबाईबद्दल फोनवर चार वेळा तरी विचारलं असेल. शेवटी तयार झाले. मी सामानाची यादी केली, गहू निवडून ठेवले, पुरणाची डाळ आणली, चौरंग उसना आणला आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत गेले. सगळं वेळेत झालं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं देवाधर्माचं प्रकरण एका पंख्यापासून सुरू झालं. मी इथे सुरतेत साड्यांना लेस लावून देण्याचं काम घेते. रिंगरोडच्या मार्केटमधून गठ्ठे आणायचे, लिंबायत-नवागामातल्या बायकांना वाटायचे, तयार माल परत पोचवायचा. एका वैशाखात दुपारी रिक्षा मिळेना. ऊन डोक्यात चढलेलं, आणि समोर एक चर्च उघडं. आत बाकं रिकामी, छताला पंखा. मी गठ्ठा पायाशी ठेवून बसले. कोणी काही विचारलं नाही. उठले तेव्हा मन शांत झालं होतं, आणि ते पंख्यामुळे नव्हतं हे मला कळत होतं, कारण पंखा घरीही आहे.

मग मी जरा पद्धतशीर निघाले. ज्या भागात माल द्यायला जाईन तिथली एखादी जागा पाहून यायची. कुठेही गेलं की तीन गोष्टी बघायच्या: चपला कुठे काढायच्या, बायकांना बसायला जागा आहे का, आणि आपण कोण, कुठले, हे कोणी विचारतं का. गुरुद्वारात पहिल्याच दिवशी मला पोळ्या लाटायला बसवलं. माझी एक पोळी वाकडी झाली तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "जाने दो बहन, पेट में जाके कौन देखता है." दर्ग्यात मला आतपर्यंत जाता येत नाही, म्हणून मी जाळीबाहेर बसते. लोबानाचा धूर बाहेरही येतो. अग्यारीत तर आपल्याला प्रवेशच नाही. पण माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक पारशी बाई आहेत, त्या रोज सकाळी उंबऱ्यावर चुन्याचे ठसे काढतात. त्याआधी उंबरा घासून पुसतात. हे मला फार पटलं. आधी फडकं, मग देव.

नवागामातली माझी एक लेस लावणारी विदर्भाकडची आहे. ती मला तिच्या विहारात घेऊन गेली. तिथे डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगतात. मी डोळे मिटले की मला कोणाकडे किती साड्या बाकी आहेत तेच दिसायचं. तिला सांगितलं तर म्हणाली, "होते तसं ताई. आधी साड्या संपू द्या, मग श्वास येते."

आणि आमच्या शेजारच्या बेन, मूळच्या सौराष्ट्राकडच्या, जैन. त्यांच्याकडून मी रोज ठरावीक वेळ एका जागी न बोलता बसणं उचललं. त्या तोंडासमोर धरायची मुहपत्ती आणि आसन घेऊन शास्त्रशुद्ध बसतात. मी भाजी निवडून झाल्यावर बसते.

यातलं जे माझ्याजवळ टिकलं ते मी ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर आमचे घरातले टाक आहेत. त्यांच्या शेजारी मेणबत्तीचा तुकडा, लोबानाची डबी आणि दर्ग्यावरचा काळा दोरा आहे. नवरा म्हणतो, "हे देवघर आहे का जनरल स्टोअर?" तो आयुष्यभर लूमवर होता. त्या खडखडाटाने त्याचे कान गेले आहेत, त्यामुळे उत्तर द्यायचं तर ओरडून द्यावं लागतं, आणि देवांसमोर ओरडायला मला आवडत नाही. म्हणून मी गप्प बसते.

माय उठेना तेव्हा बेन म्हणाल्या, बाधा ठेव. गुजरातीत बाधा म्हणजे नवस, पण आपल्यासारखा 'काम झालं तर देईन' असा नाही. काम होईपर्यंत आपल्या आवडीची एखादी वस्तू आधीच सोडायची. कोणी गूळ सोडतं, कोणी भात. मी चहा सोडला. माय गॅलरीपर्यंत चालत जाईल तेव्हा पुन्हा सुरू. ही लहान गोष्ट नव्हती. त्याआधी पहिला कप माझ्या पोटात गेल्याशिवाय घरात कोणी माझ्याशी बोलायची हिंमत करत नसे.

शुक्रवारी दुपारी दादा आणि जाऊबाई आले. दादांनी नारळ अख्खा प्रवास मांडीवर आणला होता, डुलकीही घेतली नव्हती. बेन सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. मी कप घेतला नाही. जाऊबाईंनी विचारलं, "हिले चहा नको?" बेन हसून म्हणाल्या, "ना ना, एमने तो चानी बाधा छे."

जाऊबाईंचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथून खाली आला. त्यांनी तो बशीसकट खिडकीत ठेवला. मला वाटलं, साखर जास्त झाली असेल.

त्या दिवसात पुढे जे झालं ते मला तेव्हा सुटंसुटं दिसलं. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातली फळी बराच वेळ पाहिली. संध्याकाळी मी डोळे मिटून बसले होते, तर दारात उभ्या राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. नंतर गॅलरीत जाऊन फोनवर गावाकडे कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. दादांनी नवऱ्याला बाजूला घेऊन कानाशी काही सांगितलं, आणि नवरा मान हलवत "हो हो, बरोबर आहे" म्हणाला. मी नंतर विचारलं, दादा काय म्हणत होते? तो म्हणाला, "गाडीला गर्दी होती म्हणे."

आता शनिवार सकाळ.

सूप जाऊबाईंच्या पुढ्यात, गव्हाचा डबा शेजारी. त्या नातं उच्चारून एकेक मूठ टाकत होत्या. सासऱ्यांची, ते नाहीत तरी पहिली त्यांची. मायची. दादांची. स्वतःची. त्यांच्या मुलांच्या. माझ्या नवऱ्याची. आमच्या मुलीची. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं.

मी म्हटलं, "बाई, एक राहिली."

"राहिली नही," जाऊबाई म्हणाल्या, आणि दादांकडे पाहिलं.

दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं, म्हणून ते कपाटाकडे बघून बोलतात आणि मी ऐकते. कपाटाला ते म्हणाले, "जिथे बाधा आहे तिथे आई बसत नाही. काल भावाला सांगितलंय, त्याने होकार दिलाय. दुपारच्या गाडीने मी नारळ परत नेतो."

नवऱ्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "काय म्हणाला?"

मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मी कशाला होकार देईन?"

मायने सगळं ऐकलं होतं. तिने नारळाकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू तो निघालाच आहे, आणि कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं. ऑपरेशननंतर त्या कुशीवर वळताना ती ओरडायची. तेव्हा ओरडली नाही. ते मला पाहवलं नाही.

"बाधा आहे तर काय झालं?" मी म्हटलं. "चांगली गोष्ट आहे ना?"

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "आयका आयका! सोताच्या तोंडानं सांगी राह्यनी!"

"माय बरी व्हावी म्हणून ठेवलीय."

"ठेवलीय? बाधा कोनी ठेवस का वं?"

मी म्हटलं, थांबा, बेनना बोलावते, त्या नीट सांगतील. हा निर्णय चुकला. बेन ओल्या हातांनीच आल्या. मी त्यांना म्हटलं, यांना माझ्या बाधेबद्दल सांगा. त्या उत्साहाने म्हणाल्या, "हा हा, बहु सख्त बाधा छे! टीपुंय ना चाले!" म्हणजे थेंबही चालत नाही. मग पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीत आल्या. "बहुत कड़क बाधा है इनको. बा के ऊपर है. बा चलेगी, तब जाके छूटेगी."

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "मायवर आहे! आता समजलं म्हातारी का उठत नही ते! पोरी, तुले कोनी चहा पाजा? नाव सांग. चहातूनच घातलंय. मी काल त्या कपाला तोंड लावलं नही, देवीनंच वाचवलं!"

तो 'चहातून' कानावर पडला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. सुरतेत राहून तो शब्द माझ्या कानाला गुजराती होऊन गेला होता. गावाकडे बाधा होते ती बाहेरची, भुताखेताची, कोणी खाण्यापिण्यातून घातलेली. बेन कौतुकाने सांगत होत्या की ही फार कडक नवस पाळते. इकडे ऐकू येत होतं की हिला कडक भूत लागलंय आणि ते सासूला धरून बसलंय.

मला हसू आवरेना. आणि ज्या बाईवर भुताचा संशय आहे तिने मोठमोठ्याने हसू नये, हेही तेव्हाच कळलं. जाऊबाई दादांच्या मागे गेल्या.

शेवटी मी पाणी प्यायले आणि एकेक करून सांगितलं. बाधा म्हणजे इथे नवस. मी चहा सोडलाय. मला कोणी काही पाजलेलं नाही, उलट मी प्यायचं बंद केलंय. बेन मध्येमध्ये "हा, नवस, नवस, ए ज" म्हणत दुजोरा देत होत्या. नवऱ्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली.

दादांनी शांतपणे ऐकलं. मग प्रथमच कपाट सोडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नवस आहे तर कोणाचा? देव कोणता?"

याचं उत्तर सोपं होतं. 'कानबाईचा' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता, जाऊबाईंनी डबा उघडला असता. शब्द माझ्या तोंडाशी आला होता. पण ज्या दिवशी मी चहा सोडला त्या दिवशी मी फळीसमोर उभी होते आणि कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. कानबाई होती, जाळीबाहेरचा धूर होता, चर्चमधलं रिकामं बाक होतं, आणि बेनचं गप्प बसणं होतं. मी सगळ्यांना मिळून एकदाच सांगितलं होतं. पाटावर नारळ असताना मला खोटं बोलवेना.

"नाव घेतलं नाही दादा," मी म्हटलं. "जो ऐकेल त्याचा."

"असं नसतं," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अडचण होती. "दहा दारी जाणाऱ्याचं घर कोणतं, हे देवाला कसं कळणार?"

ही शंका माझीही होती. मार्केटमधून सॅम्पलं आणावीत तसंच हे चाललंय का, असं मला अधूनमधून वाटतंच. सॅम्पलांनी पिशवी भरते, साडी कोणाचीच होत नाही. मी तेवढंच म्हटलं, "घर हेच आहे दादा. दारं दहा असतील."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "काय वं, तू चहा सोडी दिधा? मन्हाकरता?"

मी म्हटलं, "हो."

"कवयपासून?"

"चैत्रापासून."

माय म्हणाली, "तरीच इतकी कुरकुरी व्हयेल शे." आणि दादांना हुकूम सोडला, "माले बसाड."

दादांनी तिला उठवून बसवलं. तिने सूप मांडीवर मागितलं, डबा मागितला. जाऊबाई म्हणाल्या, "माय, मी टाकते ना," तर म्हणाली, "तू ठेव. तिनी मूठ मी टाकसू." तिच्या हाताला आता तेवढी पकड नाही. सव्वा मुठीतले बरेच गहू गोधडीवर सांडले. सुपात पडले ते पडले. मग तिने दादांकडे पाहून, पाटाकडे बोट दाखवत सांगितलं, "मन्ही कानबाई आठेच बसी. जास्त बोलशी तर तुन्ही मूठ काढी लेसू."

दादा हसले. थोरला मुलगा आईसमोर हसतो तसे, खाली बघून. मात्र त्यांनी एक अट घातली, कपाटाला. दोन दिवस फळीवर फक्त टाक राहतील, बाकीच्या वस्तू नकोत. नवरा म्हणाला, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "आवरायचंय." मेणबत्ती, लोबान आणि दोरा मी एका डब्यात घालून बेनकडे ठेवायला दिले. मला थोडं लागलं, नाही असं नाही. पण ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी दोन दिवस जागा करून द्यायची, एवढं तरी या सगळ्या फिरण्यातून यायला हवं. बेननी डबा त्यांच्या देरासरच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पुस्तकांशेजारी ठेवला आणि दिवा लावताना त्यालाही ओवाळलं, असं नंतर सांगितलं.

कानबाई बसली. जाऊबाईंनी तिला नथ घातली, मायने खाटेवरून "नथ वाकडी शे" असं सांगून ती तीनदा काढायला लावली. रोट झाले, चांगले झाले. मायने गाणी म्हटली आणि खालच्या मजल्यावरची ओडिया मंडळी ऐकायला वर आली. सोमवारी आम्ही नारळ तापीवर नेला. माय येऊ शकली नाही, पण तिला गॅलरीतून बघायचं होतं. खुर्ची उचलून तिला तिथे नेलं. चहाच्या हिशोबात हे धरायचं का, असं नवऱ्याने आशेने विचारलं. मी म्हटलं, उचलून नेलेलं धरत नाहीत.

मंगळवारी दादा नारळ घेऊन गेले. जाऊबाई निघताना मला आत घेऊन गेल्या.

"एक काम झालंय," म्हणाल्या.

"काय?"

"शुक्रवारी मी मोठ्या काकूंना फोन केला होता." मोठ्या काकू म्हणजे आमच्या चुलत सासूबाई. त्यांना सांगितलेली गोष्ट गावात सगळीकडे पोचते. "तुले बाधा शे असं सांगी टाकं मी."

"मग आता नाही म्हणून सांगा."

"सांगितलं ना. पण काकूंनी त्याच रात्री गावच्या मरीआईला नवस बोलला. धाकटीची बाधा गेली तर तिला आणून ओटी भरीन, म्हणून. आणि आता काकू म्हणता, बाधा गेली."

"गेली नाही, नव्हतीच बाई."

"ते तू मरीआईले सांग," जाऊबाई म्हणाल्या. आणि मग, माझ्या हातात रोटाचा तुकडा ठेवत, "काकू उपास धरून बसल्या होत्या वं. गुडघे दुखतात तरी पायी गेल्या देवळात."

मी काकूंना फोन केला. भूत नव्हतं, शब्दाचा घोळ होता, सगळं नीट समजावून सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि शेवटी विचारलं, "मग कधी येतेस ओटी भरायला?"

मी माझ्या नवसात कोणाचं नाव घेतलं नव्हतं. काकूंनी माझ्यासाठी नाव घेऊन नवस केला, आणि मला काहीही झालेलं नसताना केला. तो फेडायला हवाच, यावर माझ्या मनात दोन मतं नाहीत. खण आणला आहे, तांदूळ बांधून ठेवले आहेत, नारळ ऐन वेळी घ्यायचा. पण मायने ऐकलं आणि ती म्हणते, मला सोडून जायचं नाही. तिला गाडीत चढायला अजून जमत नाही. वॉकर धरून ती खाटेपासून फ्रिजपर्यंत येते, तिथे दम खाते आणि परत फिरते.

ओटी भरायची राहिली आहे.